जपानच्या देवळात ताठ उभी रुखमाबाई

रुखमाबाई नागपूरच्या इंदोऱ्यात हातमागावर लुगडी विणायच्या. छप्पन साली नवऱ्याबरोबर दीक्षा घेतली, घरचे देव नदीत सोडले, आणि त्यानंतर कुठल्याच देवापुढे त्या वाकल्या नाहीत. चौऱ्याहत्तरमध्ये एका जपानी बौद्ध संस्थेनं नागपूरच्या दहा उपासकांना बोलावलं. विहारातल्या बायकांनी भांडून रुखमाबाईंचं नाव यादीत घालायला लावलं. म्होरके होते गणपतराव, निवृत्त मास्तर.

सातव्या दिवशी यजमानांनी सगळ्यांना डोंगरपायथ्याच्या एका जुन्या शिंतो देवस्थानात, म्हणजे बुद्धाच्या नव्हे तर जपानच्या मूळ देवांच्या देवळात, नेलं. लाल लाकडी कमानीच्या आत दगडी कुंड होतं, त्यावर बांबूच्या पळ्या. रांगेतल्या पुढच्या जपानी म्हातारीनं हात धुतले, चूळ भरली आणि शेवटी पळीचा दांडाही धुतला. रुखमाबाईंचं डोकं भडकलं. लहानपणी उमरेडकडच्या गावात विहिरीपासून लांब, ओंजळ धरून त्या तासन्‌तास उभ्या राहिल्या होत्या.

"दांडा काहून धुतला तिनं? कोणाचा इटाळ झाला?" त्यांच्या तोंडून निघालं; मग दुभाष्या मुलीला त्यांनी तेच मोडक्या हिंदीत विचारलं.

स्वतःचा हात लागला म्हणून प्रत्येकजण मागच्यासाठी धुतो, मुलीनं सांगितलं. पुजारीसुद्धा.

रुखमाबाईंनी पळी उचलली, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली आणि दांडा धुऊन ठेवला.

देवापुढे मात्र लोक दोनदा वाकत, दोन टाळ्या वाजवत, पुन्हा वाकत. गणपतरावही वाकले. रुखमाबाई ताठच.

"वाका नं बाई," गणपतराव कुजबुजले, "पाहुणे आहो आपण."

"कोन्याच देवाले मानणार नाही असा शब्द देल्ला मी. जपानचा देव काय त्यातून सुटला?"

"अहो, नुसती रीत आहे."

"रीत म्हनूनच गावात मले विहिरीपासून दूर ठेवत होते, मास्तर."

पांढऱ्या झग्यातला पुजारी जवळ आला. मुलीनं गणपतरावांना हिंदीत विचारून घेतलं आणि घाबरत त्याला सगळं सांगितलं. तो रुखमाबाईंकडे पाहून एकच वाक्य बोलला. उभं राहिलं तरी चालतं, असं ते म्हणतात, मुलगी म्हणाली.

"चालते का म्हनून मी इचारलं कोठं?" रुखमाबाई म्हणाल्या. मुलीनं हे काही पुजाऱ्याला सांगितलं नाही.

नागपूरला परतल्यावर गणपतरावांनी विहाराच्या बैठकीत तक्रार केली, बाईनं यजमानांचा अपमान केला म्हणून. पुढच्या दौऱ्याच्या यादीतून रुखमाबाईंचं नाव गेलं.

"माफी मागून टाका नं, आत्याबाई," सून प्रेमिला म्हणाली.

"माफी? कायची वं?" म्हणत त्यांनी मागावर सुताचा धोटा या काठाकडून त्या काठाकडे फेकला.