इस्किंग आजींचा गळा

फेली सिस्टर तेवीस वर्षं नर्स म्हणून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या आजाऱ्यांची सेवा करत होती. रोज चर्चमध्ये मिस्सेला जायची, पण कामात देवाला आणत नसे. "त्याचं तो बघेल, माझं मी बघते," म्हणायची.

इस्किंग आजींनी मात्र तिला हात टेकायला लावले होते. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात येशूच्या यातनांची कथा गाण्यात चाळीस वर्षं आजी पुढे असत. त्यांनी सूर लावल्याशिवाय गावाचं पारायण सुरू व्हायचं नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यात मधुमेह, पाठीला चिघळलेली जखम. गोळी पुढे केली की आजी ओठ घट्ट मिटून घेत.

"आईला जगायचंच नाही हो," मुलगी दितास म्हणे.

यंदाच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी शेजारच्या मांडवात पारायण चाललं होतं. जखम धुताना आजी कळवळल्या, तशी फेली मांडवातली ओळ गुणगुणू लागली.

"सिस्टर, नका गाऊ, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील!" दितास हसली.

"गप गं. धर तो कापूस."

पुढच्या ओळीला फेलीचा सूर घसरला, आणि आजींनी तोंड उघडलं. तीच ओळ त्यांनी खणखणीत गायली. शब्द न् शब्द स्पष्ट! मग पुढची, मग अख्खं कडवं.

वाचा गेलेल्यांचं गाणं कधीकधी शाबूत राहतं, हे फेलीने पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक वाचताना अंगावर काटा आला नव्हता.

कडवं संपलं. आजींनी डाव्या हाताने छातीवर क्रुसाची खूण केली आणि तोंड उघडून तशाच थांबल्या.

"गोळी आण," फेली हळूच म्हणाली. "अगं, प्रार्थनेवाचून आजींनी कधी घास तरी घेतला होता का? आणि आपण नुसत्या गोळ्या कोंबतोय!"

आजींनी गोळी मुकाट गिळली.

बोलणं काही परत आलं नाही. पण रोज आधी कडवं, मग औषध असं सुरू झालं. पावसाळा सरेतो जखम भरली. आजी आणखी तीन वर्षं जगल्या.

फेली आता प्रत्येक घरी पिशवी उघडण्याआधी विचारते, "आजोबा, आधी काही म्हणायचंय?" कुणी जपमाळ मागतं. एक म्हातारा कोळी नुसता सरोवराकडे तोंड करून बसतो. त्याचं होईस्तोवर तीही गप्प उभी राहते.