शकूआत्याने विकत घेतलेले गेम

शेवटची भेटले तेव्हा शकूआत्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात खाटेवर होती. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांना सलाइन लावलेली बाई आता स्वतःच सलाइन लावून पडलेली. मी डोळे पुसत तिचा हात हातात घेतला, तर म्हणाली, "रडत बसू नको. महिनाअखेर दुकान बंद व्हायलंय. त्याच्या आत माझे सगळे गेम उतरवून घे." आणि पासवर्ड सांगितला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली… आठवड्याभरात आत्या गेली.

तिचा मुलगा सुमेध नोकरीसाठी पुण्याला गेला आणि टीव्हीखाली त्याचा गेमचा डबा, टीव्हीला जोडायचा कन्सोल, राहिला. निवृत्त झाल्यावर आत्याने तो धूळ पुसायला म्हणून काढला आणि तिला नादच लागला. कडे चढायचे, दऱ्यांवरून उड्या मारायच्या, असले गेम तिला लई आवडायचे. डब्यातच कंपनीचं ऑनलाइन दुकान होतं, तिथून ती आपल्या पेन्शनमधून ते विकत घ्यायची. खेळातला गडी दरीत कोसळला की "ऊठ बे, मेला न्हाईस अजून" म्हणून पुन्हा सुरू. नातेवाईक हसायचे. हसू देत. गुडघ्यांमुळे जिना चढता न येणारी बाई डोंगर चढत होती, यात हसण्यासारखं काय ते मला कळलेलं नाही.

यंदा डब्यातली हार्ड डिस्क बिघडली. नवी बसवली, पण ती कोरी. सगळे गेम नेटवरून पुन्हा उतरवायचे होते आणि नेमकं तेव्हाच कंपनीने जाहीर केलं, की एवढ्या जुन्या डब्यांचं दुकान बंद. आधी विकत घेतलेले गेमही नंतर मिळणार नाहीत. मी समजावलं, "आत्या, विकत घेतलं तरी ते तसं आपलं नसतंच." ती भडकली.

"कावून नसतं? भांड्याचं दुकान बंद झालं म्हनून आपलं नाव घातलेला हंडा दुकानदार घरातून उचलून नेतो का?"

हे खरं तर कंपनीला विचारायला हवं होतं.

आत्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर घर आवरताना सुमेध म्हणाला, "ताई, डबा भंगारात दे. आई न्हाई, आता कुनाला पायजे?" मला रागच आला. डबा उचलला आणि माझ्या घरी आणला. आत्याने सांगितलेल्या पासवर्डने दुकानातल्या तिच्या खात्यात शिरले, मोबाइलचं नेट जोडलं. लाइट जायची, अर्ध्यावर आलेलं तुटायचं, लाइट आली की मी परत लावायची. इरेलाच पेटले होते.

शेवटचा गेम उतरत असताना सुमेधचा फोन आला. पुण्यात तो त्याच कंपनीच्या आपल्या नव्या डब्यावर खेळायला बसला होता; ओळखीचं कोण कोण चालू आहे, त्याची यादी पडद्यावर दिसते.

"ताई… आई ऑनलाइन दिसायली."

"मी हाय रे. तिच्या खात्यावरून गेम उतरवायले."

"कळलं मला. पन लगेच बंद करू नको."

नाही केला. दुकान ठरल्या दिवशी बंद झालं. गेम सगळे माझ्याकडे आहेत. रविवारी दुपारी मी डबा लावते, तेव्हा सुमेध तिकडे आपला लावून बसतो, आणि फोनवरून मला शिकवतो. आत्या तो डोंगर पुरा चढली होती. मी अजून पहिल्याच दरीत पडते… पण चढणार.