सैतानाची भुवई

"साचा एकच असतो, भुवई ज्याची त्याची," असं ती कायम म्हणायची. शेजारचा सरळ माणूस एकाएकी तिरसटासारखा वागला, दोन सख्ख्या बहिणींतली एक मायाळू आणि दुसरी कजाग निघाली, की कारखान्यात त्यावर दिवसभर चर्वण चालायचं आणि शेवटी सगळे तिच्याकडे बघायचे. ती मान वर करायची नाही. कुंचल्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची आणि एवढं एकच वाक्य टाकायची. मग सगळे कामाला लागायचे.

म्हणून तिला भुवईमावशी म्हणू लागले. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहिलं.

कारखाना प्लास्टरच्या मूर्तींचा. लांब पत्र्याची शेड, एका टोकाला ओतकाम, मधे घासकाम, दुसऱ्या टोकाला खिडकीखाली रंगकाम. मागे दोन खोल्यांत मावशीचं घर. ती इथे आली तेव्हा चेहरे रंगवणारी एक म्हातारी होती. मावशीने दोन वर्षं तिचे नुसते रंग कालवले. तिसऱ्या वर्षी म्हातारीला रेघ सरळ येईना, तेव्हा तिने कुंचला मावशीच्या हातात दिला. त्याला बावीस वर्षं झाली.

ओतकाम तिच्या धाकट्या दिराकडे. त्याने लग्न केलं नाही, जेवायला तिच्याकडेच असायचा. तो साच्याला आतून साबणाचं पाणी फासायचा, त्याचे दोन्ही अर्धे भाग दोरीने आवळायचा, प्लास्टर ओतायचा आणि साच्यावर तळहात ठेवून थांबायचा. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तापलेल्या लेकराच्या कपाळासारखं. ती ऊब ओसरू लागली की साचा उघडायचा. ही वेळ त्याला घड्याळाशिवाय कळायची आणि त्याचा त्याला अभिमान होता. का नसावा? हातातली विद्या आहे ती, पुस्तकात सापडत नाही.

सगळ्यांत जास्त खपायची ती जोडमूर्ती: भाला घेतलेला मोठा देवदूत आणि त्याच्या पायाखाली उताणा पडलेला सैतान. तो सैतानही मुळात देवदूतच. देवाच्या दरबारातला सगळ्यांत तेजस्वी, पण देवापुढे ताठला आणि खाली पडला, अशी ती गोष्ट. दोघांची धडं वेगवेगळ्या साच्यांतली, चेहरे मात्र एकाच साच्यातले. देवदूताचा चेहरा दोनदा ओतायचा, एक वरच्या मानेवर बसवायचा, एक खालच्या. मग ती जोडी मावशीपुढे यायची. वरच्याला ती दोन शांत कमानी काढायची. खालच्याच्या भुवया नाकाकडे उतरवायची आणि ओठाच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ मारायची. तेवढ्याने तो असा खुनशी दिसायचा, की नवीन पोरी घरी जाताना त्याच्यावर फडकं टाकून जायच्या.

पूर्वी सैतानाच्या चेहऱ्याचा वेगळा साचा होता. नऊ वर्षांपूर्वी तो फुटला. फोडला तो मावशीच्या मुलाने.

ती हकिगत सगळ्या शेडला पाठ होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, काकाच्या हाताखाली ओतकाम शिकत होता. एका सकाळी काकाने त्याच्या मूर्ती नापास केल्या, पुन्हा कर म्हणाला. मुलगा नाही म्हणाला. नुसतं नाही म्हणून थांबला नाही, साच्यांची उंच मांडणी दोन्ही हातांनी ओढून त्याने खाली पाडली. चाळीस साचे फुटले आणि मांडणी काकाच्या उजव्या पावलावर आली. काका ओरडत असताना पोर दाराबाहेर गेलं, ते गेलंच. बापाने घरात त्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं, आणि दोन वर्षांनी बापही वारला. बाकीचे साचे जुन्या मूर्तींवरून पुन्हा घेतले, सैतानाची मूर्ती मात्र शिल्लक नव्हती. काकाचं पाऊल जुळलं, पण वाकडं. चालताना तो एका अंगाला झुकायचा. रस्त्यावर लोक सरकून वाट द्यायचे, आणि ती वाट त्याच्या जिव्हारी लागायची.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं तो पुतण्याबद्दल म्हणायचा. साच्यातच खोट होती, म्हणायचा. एकदा बोलण्याच्या भरात "खाण तशी माती" म्हणून गेला, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "भाऊजी, मग खाण आपलीच की." शेड हसली. तोही हसला, पण त्या दिवशी त्याने ओतलेल्या तीन चेहऱ्यांवर बुडबुडे निघाले.

मग एका सोमवारी माल न्यायला येणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरने निरोप आणला. दूरच्या एका गावात त्याला मुलगा भेटला होता. फरशा बसवायचं काम करत होता. गुरुवारी बाराच्या बसने तो इथून पुढे जाणार होता. स्टँडवर घरचं कुणी दिसलं तर उतरेन, नाही दिसलं तर बसून राहीन, असा त्याचा सांगावा. ड्रायव्हरने हे सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं. त्या माणसाला पोच म्हणून नव्हती.

मावशीने "बरं" म्हटलं आणि पुढची मूर्ती ओढली. मंगळवारपासून मात्र तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बावीस वर्षं उत्तरं देणारी बाई प्रश्न विचारत सुटली.

पेंढा भरून खोकी बांधणारा पॅकर दुसऱ्या धर्माचा. तिने त्याला गाठलं आणि तुमच्यातला सैतान कसा पडला ते विचारलं. पॅकर सुतळी खाली ठेवून मन लावून सांगू लागला. त्याच्या घरी सांगत, की तो देवदूत नव्हताच. देवदूत उजेडाचे, त्यांना नाही म्हणता येत नाही. हा आगीचा, आणि याला मर्जी होती. देवाने मातीचा माणूस घडवला आणि त्याच्यापुढे वाका म्हणाला. सगळे वाकले, हा वाकला नाही. मी आगीचा, हा चिखलाचा, म्हणाला. मावशीने विचारलं, मग जे वाकले त्यांचं कौतुक कसलं, त्यांना दुसरं जमतच नव्हतं की. पॅकरने डोकं खाजवलं. ते जाणत्यांना विचारा मावशी, म्हणाला, मी खोकी बांधतो.

दुपारी शेडमध्ये वर्तमानपत्र वाचायला एक निवृत्त मास्तर यायचे, ते तिसऱ्याच धर्माचे. ते म्हणाले, आमचे जुने लोक तो पडलाबिडला असं मानत नाहीत. तो देवाचाच नोकर. माणसांची परीक्षा घ्यायची, चुका पुढे मांडायच्या, हे त्याला नेमून दिलेलं काम.

"म्हणजे पगारी," मावशी म्हणाली.

"पगारी. आणि सुट्टी नाही."

सगळे हसले. तिला हसू आलं नाही. काम नेमून दिलेलं असेल तर दोष कुणाचा? आणि नाही म्हणायची मुभा असेल, तर ते 'नाही' आलं कुठून? सगळे एकाच हाताने केलेले, सगळे चांगले केलेले. मग त्यांतल्या एकालाच ताठावंसं का वाटलं? हे ती पोरींना विचारायची, मूर्तींना विचारायची, नळाखाली कुंचले धुताना पाण्याला विचारायची. पोरी कंटाळल्या. दीर मात्र कान देऊन ऐकायचा. त्याला वाटायचं, ही विचारते सैतानाबद्दल आणि उत्तर मागते माझ्याकडे.

कारण त्या सकाळची एक गोष्ट शेडला पाठ नव्हती. पोराच्या मूर्ती वाईट नव्हत्या. चांगल्या होत्या. त्याचा हात काकापेक्षा हलका होता, आणि ते काकाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मूर्ती नापास करताना त्याने पोराच्या मुस्काटात ठेवून दिली होती. मांडणीमागे दोघेच होते. पोराच्या दोन्ही हातांत भरलेला साचा होता, त्यामुळे त्याला गालही धरता आला नाही. पोर साच्यातूनच वाईट असेल, तर त्या थपडेने काही घडलं नाही. नऊ वर्षं तो या समजुतीच्या उशीवर डोकं टेकत आला होता. पण पोराने तिथे उभं राहून ठरवलं असेल, तर ठरवायच्या आधी काय झालं हे आज ना उद्या कुणीतरी विचारणारच.

बुधवारी घोटाळा झाला. एका चर्चसाठी बारा जोडमूर्ती तयार झाल्या होत्या आणि त्या बघायला फादर स्वतः आले. कारखान्याच्या धाकट्या मालकाने ऐटीत कापड ओढलं. बाराच्या बाराही सैतानांच्या भुवया देवदूतासारख्याच होत्या. मावशीने कमानी काढल्या त्या काढतच गेली होती. वर तोच चेहरा, खाली तोच चेहरा. जणू एखादा माणूस स्वतःच्याच छातीवर पाय देऊन उभा आहे.

धाकटा मालक लालबुंद झाला. त्याने मावशीला चष्मा बदला इथपासून घरी बसा इथपर्यंत सगळं ऐकवलं. फादर म्हातारे, गुडघे धरलेले. ते एका मूर्तीपुढे कष्टाने खाली बसले आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ही चूक म्हणवत नाही, पडायच्या आदल्या घटकेचं चित्र आहे हे. पण लोकांना उलगडणार नाही. दुरुस्त करा, उद्या एकला लॉरी पाठवतो.

मावशी फडक्याला हात पुसत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. त्याला परत यावंसं वाटलं तर देव घेईल का, असं तिने विचारलं.

फादरांनी टाळलं नाही. यावर आमच्यात फार जुना वाद आहे, म्हणाले. फार पूर्वी काही जण म्हणायचे, शेवटी सगळेच परतणार, तोही. चर्चने ते मानलं नाही. का नाही मानलं, मावशीने विचारलं.

"देवदूताला सगळं एकदम दिसतं, बाई. मागचं, पुढचं, परिणाम. तो ठरवतो ते पुरतं समजून. नंतर नवीन कळण्यासारखं काही उरत नाही, मग पस्तावणार कशाने? असं सांगतात, की दार देव लावत नाही. त्यालाच वळावंसं वाटत नाही."

"आणि माणसाला?"

"माणसाला थोडं थोडं दिसतं. आज एवढं, दहा वर्षांनी आणखी एवढं. मरेपर्यंत त्याला वळायला जागा असते, ती त्यामुळेच."

मावशी जागेवर जाऊन बसली. दिरानेही ते ऐकलं होतं. त्याच्या तळहाताखालचं प्लास्टर कधी गार झालं ते त्याला कळलं नाही, आणि तो चेहरा साच्यालाच धरून बसला.

गुरुवारी ती उजाडताच भुवयांना बसली. साडेअकरापर्यंत सात झाल्या. मग तिने कुंचला पाण्यात ठेवला आणि सगळी शेड ओलांडून ओतकामाच्या टोकाला आली. कामाच्या वेळेत ती इकडे कधी यायची नाही, त्यामुळे घासकामाच्या पोरींचे हात थांबले.

"भाऊजी, मी स्टँडवर जाते."

तो म्हणाला, अजून पाच राहिल्यात, एकला लॉरी येईल, मालक आकाशपाताळ एक करील.

"करू दे. मी जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. ह्यांनी नाव काढू नको म्हटलं, नाही काढलं. लोक म्हणतात चांगली बाई. चांगली कसली, मला दुसरं जमत नव्हतं."

"आणि माझ्या ह्या पायाचं काय, वहिनी?"

"ते तुम्ही आणि तो बघा. त्याने तुमचा पाय मोडला, ते मी खोटं म्हणत नाही. त्याने केलं, त्याचं त्याने केलं. म्हणूनच जाते. आपोआप झालं असतं तर त्याला भेटून काय बोलणार होते मी?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी विचारायला आले नाही. सांगायला आले."

ती वळली. दिराच्या हातातली दोरी सुटली.

"वहिनी, मी त्याच्या मुस्काटात मारली होती. त्याने मांडणी पाडायच्या आधी." हे एवढ्या हळू निघालं, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "आणि त्याच्या मूर्ती चांगल्या होत्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हजारो चेहरे ओतलेला माणूस तो, पण तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला वाचता आलं नाही.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात, तेव्हा सांगितलं नाहीत. संध्याकाळी घरी या. तो उतरला, तर त्याला सांगा."

"आणि नाही उतरला तर?"

कमरेचं रंगाचं फडकं न सोडताच ती दाराबाहेर पडली.

दीर झुकत झुकत दारापर्यंत आला. मागून पॅकर आला, हातात सुतळीचा गुंडा तसाच. रस्ता सरळ होता, सायकलवाल्याचं दुकान, पाण्याची टाकी, मग वळण. स्टँड पंधरा मिनिटांवर. मावशी चालायची सावकाश. एका हातगाडीला वाट द्यायला ती कडेला थांबली, आणि गाडीवाला निवांत होता. दिराला वाटत होतं बस चुकावी, आणि ती हातगाडी लवकर हलावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कुठलं आपलं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"पोचतील का हो काका?" पॅकरने विचारलं.

"हळू चालते," तो म्हणाला. "पण थांबत नाही."

हातगाडी गेली. मावशीने रस्त्याचा मध्य धरला, टाकी मागे टाकली आणि वळणाआड गेली. आतून धाकटा मालक हाका मारत होता, आधी मावशीला, मग पॅकरला, मग ओतकामवाल्याला. दारातल्या दोघांपैकी कुणी ओ दिली नाही.