अक्काचं डोकं मोजलं

बीएला मानसशास्त्र घेतलं तेव्हा घरात माझा तोरा फार वाढला. बिदरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल असायची आणि प्रत्येकीने आपला 'प्रयोज्य', म्हणजे ज्याच्यावर चाचणी घ्यायची तो माणूस, स्वतःच शोधायचा. मी सुटीत भालकीला घरी गेले आणि थोरल्या बहिणीला, अक्कालाच बसवलं.

अक्का दहावीनंतर घरीच होती. त्या साली तिला बाहेरून बारावी करायची होती. अप्पा कसेबसे राजी झाले होते, फॉर्मही आणून ठेवला होता. मला ते खुपत होतं. घरात शिकलेली मुलगी एकच असावी असं मला वाटायचं, हे आता सरळच सांगते.

चाचणी बुद्धी मोजायची होती, आणि कन्नडमध्ये होती. मी कन्नड शाळेतली, अक्का मराठी शाळेतली. बाजारात ती माझ्यापेक्षा फर्डं कन्नड बोलायची, पण वाचताना अक्षराखाली बोट धरायची. वेळ अर्धा तास. मी मोबाइलवर घड्याळ लावून समोर बसले. दुसऱ्याच पानावर ती अडली.

"कामून असं करायलीस? मराठीत सांग की जरा, चटदिशी करते."

"मदत करायची न्हाई. नियम हाय."

नियम खरा होता. पण तिला घाम फुटलेला बघून मला जी मजा आली, ती काही नियमात नव्हती. वेळ संपली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. मी गुण काढले आणि रात्री जेवताना अप्पांना सांगितलं की अक्काची बुद्धी सरासरीपेक्षा बरीच कमी आहे. असा निकाल कुणाला सांगायचा नसतो हे मला शिकवलेलं होतं. अक्का तेव्हा भाकरी वाढत होती. हे पुस्तकाप्रमाणे निघालंय का, एवढंच अप्पांनी विचारलं. मी व्हय म्हटलं. फॉर्म कपाटात गेला.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात मॅडमनी माझी वही टेबलावर आपटली. ज्या भाषेत माणूस शिकलेलाच नाही, त्या भाषेत त्याची बुद्धी मोजतात का, म्हणाल्या. चाचणी रद्द. मी मुकाट्याने एका कन्नड मैत्रिणीला बसवून नवी चाचणी घेतली आणि चांगले मार्क मिळवले. फॉर्म भरायला अजून चार दिवस होते. मी घरी फोन केला नाही.

अक्काला मन्नाएखेळ्ळीला दिली. तिथे नवऱ्याचं किराणा दुकान तीच चालवते. परवा मी गेले होते. एका गिऱ्हाइकाशी कन्नड, दुसऱ्याशी दखनी उर्दू, असं तिचं एकाच वेळी चाललं होतं. पाचवीतली भाची गणिताची वही घेऊन तिच्याकडे आली. अक्काने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशीला इचार. माझं डोकं कमी हाय, तिनंच मोजलंय."

बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटतं. मी भाचीला जवळ बसवलं आणि गणित सोडवून दिलं.