फळ्यावरचा कुत्रा

ओमेराबाईंच्या हाताखाली इंग्रजी शिकलेला माणूस ओळखायचा तर त्याच्या पोटऱ्या बघा, असं आमच्या तळ्याकाठी लोक चेष्टेने म्हणतात. क्रियापदाचा काळ चुकला की छडी, स्पेलिंग चुकलं की छडी, आणि पुस्तकातली उपमा जशीच्या तशी उचलून आणली तर दोन छड्या. "सिंहासारखा शूर म्हणे. तुझ्या बापजन्मात सिंह पाहिलायस का रे?" असं विचारून त्या पोराला वर्गाबाहेर काढत. गावात हिंड, डोळे उघडे ठेव, आणि दिसेल त्याची उपमा करून आण. शहरातल्या विज्ञानशाळेच्या प्रवेशपरीक्षेत असलीच उपमा गुण मिळवते, असं त्या छातीठोकपणे सांगत. खरंही असावं. त्यांची पोरं इथून निघायची, शहरात राहायची, आणि मुख्य म्हणजे जिवंत राहायची. आमच्याकडे ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्या वर्षी परीक्षेला दोन पोरं होती. सारिपांचा जमेल जिभेने तिखट, आणि बांतुआसांचा नासेर मंद पण चिवट. दोघे एकाच बाकावर बसत, एकमेकांच्या डब्यातला मासा पळवत. बाईंची आई सारिपांची लेक आणि बाईंचा मेलेला नवरा बांतुआस, त्यामुळे दोन्ही घरांत त्यांना मान होता आणि दोन्ही घरांत त्यांच्या नावाने बोटंही मोडली जात.

उपमेचा सराव चालला होता. जमेलने इंग्रजीत लिहून आणलं होतं, "नासेरचे काका फाटकात बसून बांधलेल्या कुत्र्यासारखे भुंकतात." अगदी हुबेहूब होतं ते. नासेरचा बाप आखातात कामाला गेल्यापासून कासिमकाका मांडीवर रायफल घेऊन फाटकात खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकावर खेकसायचा. वर्ग खो खो हसला. नासेरसुद्धा हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही, आणि तिथेच त्यांची मती फिरली. त्यांनी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि नमुना म्हणून शाळा सुटेपर्यंत तसंच ठेवलं.

अहो, माणसाला कुत्रा म्हणणं हेच आमच्यात हराम, त्यात ते फळ्यावर, चारचौघांत. घरात बोललेलं पोटात घालता येतं. चारचौघांत गेलेला मरातब रक्तानेच धुऊन आणावा लागतो, असं आमचे म्हातारे मानतात, आणि तरुण तर त्यांच्या वरताण. जन्मभर या मातीत राहिलेल्या बाईला हे कळू नये? वाक्य चांगलं जमलं की त्यांना दुसरं काही दिसतच नसे, हेच खरं.

नासेरला न्यायला त्याचा थोरला भाऊ मुक्तार आला होता. त्याला इंग्रजी वाचता येत होतं, बाईंनीच शिकवलं होतं. दारात उभं राहून त्याने फळा वाचला, कोणाचं अक्षर आहे ते ओळखलं, वाक्य कोणाचं तेवढं एका पोराला विचारलं आणि नासेरची मानगूट धरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जमेलचा बाप धक्क्यावर मासळी उतरवत होता. कासिमकाकाने त्याला पाठीत नव्हे, समोरून तोंडात गोळी घातली. आठवडा उलटायच्या आत जमेलच्या थोरल्या भावाने कासिमकाकाला त्याच्याच फाटकात, त्याच्याच खुर्चीत मारलं. गोळ्या इतक्या घातल्या की खुर्चीचेही तुकडे झाले. मग मुक्तार आणि त्याची माणसं सारिपांच्या घरावर चालून गेली. घर पेटलं, आणि आगीतून बाहेर पळालेला तो भाऊ केळीच्या बागेत कोयत्याने तोडला गेला. त्या घरात आता जमेल हा एकच पुरुष उरला, बारा वर्षांचा. त्याला मामाच्या घरात माळ्यावर दडवून ठेवलं.

बाई त्या दिवसापासून नीट जेवल्या नाहीत. छडी त्यांनी चुलीत घातली. दोन्ही घरांच्या म्हाताऱ्यांचे पाय धरून झाले. आधी समोरच्यांनी नमावं, एवढंच उत्तर दोन्हीकडून मिळालं. आता परीक्षा हीच एक वाट होती. जमेल पास झाला तर शहरातल्या वसतिगृहात जाईल आणि वाचेल. नाहीतर मिशी फुटायच्या आत मरेल, नाहीतर मारेल.

वैर कितीही पेटलं तरी बायकांवर हात टाकायचा नाही, हा नियम मात्र आमच्यात पाळतात. बाई दोन्ही घरी जाऊ लागल्या. सकाळी माळ्यावर जमेलकडून शब्दांचे अर्थ पाठ करून घ्यायच्या, दुपारी बांतुआसांच्या फाटकात नासेरकडून. नासेर मांडीवर रायफल घेऊनच रूपक आणि अतिशयोक्तीची उदाहरणं सांगायचा, कारण काकाची जागा आता त्याला दिली होती. उपमेचं पान आलं की दोन्ही पोरं गप्प बसत, आणि बाई ते पान उलटून पुढे जात.

दोन्ही आयांना त्यांनीच गाठलं. दोघा पोरांना एकाच जीपमध्ये, आपल्या दोन बाजूंना बसवून परीक्षेला नेते, म्हणाल्या. मग इकडून गोळी सुटणार नाही की तिकडून. जमेलची आई लगेच कबूल झाली. नासेरच्या आईने बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाली, "माझाही पोरगा त्या फाटकात मरायला नको. घेऊन जा, बाई."

परीक्षेच्या सकाळी जीप निघाली. बाई मध्ये बसल्या होत्या. नासेरने दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं आणि उजवा हात त्याच्या आत घातला होता. बाईंनी त्याला विरुद्धार्थी शब्द विचारले, तो अडखळला. त्याचा हात बाहेर येईना. बंदुकीच्या तेलाचा वास बाईंना लहानपणापासून ठाऊक होता.

"मुक्तारने दिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

नासेरने मान डोलावली. "पेपर झाल्यावर, शहरात, म्हणाला. नाहीतर तोंड दाखवू नकोस."

जमेलने ऐकलं. त्याने नुसते डोळे मिटून घेतले.

पुढे सैनिकांची चौकी होती, तिथे दप्तरं उघडत. पिस्तूल सापडलं असतं तर नासेरची परीक्षा कोठडीतच झाली असती. बाईंनी तळहात पुढे केला, जसा त्या वर्गात चोरलेली गोटी परत मागताना करायच्या. नासेरने थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं आणि पिस्तूल त्यावर ठेवलं. ते त्यांनी कमरेच्या लुगड्यात खोचलं. बाईमाणसाच्या अंगाला सैनिक हात लावत नाहीत. ते लोखंड कातडीला टोचत असताना बाई चौकीवरच्या सैनिकाशी हसून बोलल्या.

पेपर झाला. परत निघाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, उपमेचा प्रश्न आला होता का? आला होता. ओळखीच्या माणसावर एक उपमा लिहा.

"मी कोराच सोडला," जमेल म्हणाला. "येत होतं, बाई. हात धजला नाही."

नासेरने बाहेर बघतच आपलं वाक्य धडा म्हणून दाखवावा तसं म्हणून दाखवलं. "माझे काका बांधलेल्या कुत्र्यासारखे होते. ते रात्रभर भुंकायचे, म्हणून आम्ही निवांत झोपायचो."

बाईंना पदर तोंडात कोंबावा लागला. जमेल हुंदके देत रडत होता. रडतारडताच तो म्हणाला, "माझी उपमा अर्धीच होती रे."

नासेरच्या घरापाशी मुक्तार रस्त्यात आडवा उभा होता, रायफल घेऊन. जमेल जिवंत परत आलेला त्याला दिसला आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. ड्रायव्हरने जीप थांबवली.

"बाई, तुम्ही उतरा," मुक्तार म्हणाला.

बाईंनी जमेलला आपल्याखाली दाबलं आणि त्या हलल्या नाहीत. नासेर उतरला. पिस्तूल त्याने मागितलं नाही. रिकामे हात लोंबकळत सोडून तो रायफलीच्या नळीसमोर जाऊन उभा राहिला, इतका जवळ की नळी त्याच्या छातीला टेकली.

"बाजूला हो," मुक्तार म्हणाला.

"नाही होणार, दादा."

मुक्तारने दस्ता फिरवून त्याच्या तोंडावर हाणला. नासेर खाली पडला, रक्त थुंकत उठला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. दुसऱ्या फटक्यालाही तसाच उठला. त्याची आई घरातून किंचाळत धावत आली आणि मुक्तारच्या हाताला लोंबकळली. ड्रायव्हरने तेवढ्यात त्यांच्या बाजूने जीप दामटली. बाईंनी मागे वळून पाहिलं. वळण येईपर्यंत पोरगा रस्त्याच्या मधोमध उभाच होता.