लॅमिनेट केलेलं कार्ड

आमच्या घरातली सगळी कागदपत्रं बाबा लॅमिनेट करतात. माझी दहावीची मार्कशीट, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि माझं मतदार कार्ड पोस्टाने आलं, तेही त्यांनी त्याच संध्याकाळी मशीनमधून काढलं.

२००८ च्या मार्चमध्ये ते कार्ड घेऊन मी पहिल्यांदा मत द्यायला गेले, पक्षांचे अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. टेक्सासमध्ये पक्षात शिरायला फॉर्म भरावा लागत नाही. ज्या पक्षाचा उमेदवार निवडायचा असेल त्याच्या टेबलाशी जाऊन मत द्यायचं. मग कार्डावर त्या पक्षाचा शिक्का बसतो आणि त्या वर्षापुरते आपण त्यांचे. मी निवडलेल्या पक्षात आणखी एक भानगड होती. संध्याकाळी मतदान संपलं की परत जायचं, आपला उमेदवार कोण ते सगळ्यांदेखत कागदावर लिहायचं आणि सही करायची. तीही मतासारखी मोजणीत धरली जायची.

बाबा एवढंच म्हणाले, "दे मत, पण गावभर करू नकोस. काकांशी रोजचा संबंध आहे."

काका म्हणजे समोरच्या घरातले डॉक्टर. शुगर लँड गावात राहायला आलो तेव्हा पहिला महिना आम्ही त्यांच्याकडेच राहिलो होतो. त्यांच्या लॉनवर दुसऱ्या पक्षाची पाटी होती आणि आम्हीही त्याच पक्षाचे, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आम्ही कधी नाही म्हटलं नव्हतं.

सकाळी मतदान केंद्र असलेल्या शाळेतल्या टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारला, पण प्लास्टिकवर शाई टिकेना. मी अंगठा फिरवला आणि कार्ड पुन्हा कोरं झालं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

संध्याकाळी शाळेच्याच कॅफेटेरियात आमच्या पक्षाची रांग दारापर्यंत आली होती. पलीकडे म्युझिक रूममध्ये दुसऱ्या पक्षाची सभा होती. माझा नंबर आला तेव्हा सह्या घेणारा माणूस म्हणाला, शिक्का दिसत नाही, यादी येईपर्यंत बाजूला थांबा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करता मी अशीच बसायचे.

तेवढ्यात काका आले. "अगं, इथे काय करतेस? आपली लाइन तिकडे. चल." मग त्यांना माझ्या हातातलं कार्ड दिसलं. "हेही लॅमिनेट? एक दिवस तुझा बाबा मलाही त्या मशीनमध्ये घालणार."

मला हसू आलं. त्यांच्यामागून चार पावलं चालून, तशीच मागच्या दाराने गाडीकडे जाता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. फक्त माझी सही राहिली असती.

"काका, माझी लाइन हीच आहे."

त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबाला माहीत आहे?"

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"आता मी सांगतेय."

शाई टिकावी म्हणून मी नखाने कार्डाच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक सोलायला लागले. निघेना. काका थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी किल्ल्यांना अडकवलेलं नेलकटर पुढे केलं. "फाडशील ते. हळू. वरचाच थर काढ." कोपरा सुटेपर्यंत थांबले, नेलकटर घेतलं आणि म्युझिक रूममध्ये गेले.

सकाळच्या बाई खोकी बांधत होत्या. माझं नाव त्यांच्या नोंदीत होतं. उघड्या कागदावर त्यांनी पुन्हा शिक्का मारला. मी परत रांगेच्या शेवटी उभी राहिले, पाऊण तासाने उमेदवाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड बाबांच्या चहाशेजारी ठेवलं. त्यांनी फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, शिक्का वाचला.

"काका भेटले?"

"हो. त्यांच्याच नेलकटरने काढलं."

बाबांनी उठून मशीनचं बटण दाबलं. ते तापायला पाच मिनिटं लागतात.

"असंच करू ना? शिक्क्यासकट?"

"करा," मी म्हटलं.