अंबुजाअक्काचं 'होणा'

पहिल्याच भेटीत अंबुजाअक्कानं मला लागोपाठ तीन कप कॉफी पाजली, आणि तिन्ही वेळा दोष माझाच होता. तंजावूरच्या मेलवीदी नावाच्या रस्त्यावर तिच्या मामीची खाणावळ होती. खाणावळीमागच्या शेडमध्ये एक रॉक बँड सराव करतो आणि त्यातली गाणारी बाई घरी मराठी बोलते, असं ऐकून मी त्रिचीहून बस पकडून गेलो होतो. अक्कानं विचारलं, "तुला कॉफी होणा?" मला वाटलं, 'कॉफी घेणार, हो ना?' असा आग्रह चाललाय. मी म्हटलं, "हो ना." कॉफी आली. ती म्हणाली, "ऊन फार आहे." मी म्हटलं, "हो ना." तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि दुसरा कप आणला. "बसमध्यें उभा राहून आलास काय?" "हो ना." तिसरा कप समोर ठेवताना तिनं शांतपणे विचारलं, "पुण्यांत तुम्हांला कॉफी देत नाहींत काय?"

मग उलगडा झाला. तंजावूरच्या मराठीत 'होणा' म्हणजे 'हवं'. मराठ्यांच्या राज्यात ही घरं कावेरीकाठी आली, राज्य गेलं, घरं तिथेच राहिली, आणि त्यांच्या तोंडी हा शब्दही राहिला. आम्हा पुणेकरांना तर दर वाक्यामागे 'हो ना' लावल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणजे तिच्या कानाला मी आल्यापासून नुसता मागतच सुटलो होतो. त्या दिवसापासून तिनं माझं नावच 'पुणे' ठेवलं. "ए पुणे, इकडे ये." पुढे कधीच मला तिनं दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मी तेव्हा त्रिचीजवळच्या एका कारखान्यात ट्रेनी होतो. बाजार नुकता खुला झाला होता, परदेशी कीबोर्ड दुकानात दिसायला लागले होते, आणि त्यातला एक माझ्याकडे होता. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठा संगीतकार समजत होतो, आणि तेवढ्यावरच बँडमध्ये शिरलो. अक्का अठ्ठावीस-तीसची, विमा कचेरीत टायपिस्ट. सुती साडी, केसात मोगरा, पायात रबरी चपला, आणि पदरावरून गिटारचा पट्टा. ड्रमवर सेल्वम होता. त्याचे वडील देवळात तविल, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवायचे, आणि तो परदेशी ड्रमच्या शेजारी घरचं तविल ठेवूनच बसायचा. बास गिटार जोसेफची. शेडच्या भिंतीपलीकडे खाणावळीचं इडलीचं पीठ दळलं जायचं, म्हणून बँडचं नाव 'वेट ग्राइंडर'. मी म्हटलं, "अक्का, दळण संपेपर्यंत थांबू या का?" ती म्हणाली, "ग्राइंडरच्या वर गेला तो आवाज. खालीं राहिला तें बोलणं." आणि ती खरोखर त्या घरघरीच्या वर गायची. तसा गळा मी त्यानंतर ऐकला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

दोन वर्षं आम्ही भटकलो. बंगळूर, मद्रास, पार ईशान्येपर्यंत कॉलेजांचे महोत्सव. गाणी इंग्रजी. एक गाणं टीव्हीवर लागलं आणि लोक ओळखायला लागले. बंगळूरला एका आयोजकानं अक्काला सुचवलं की साडीऐवजी जीन्स घातलीत तर पोरांना जास्त आवडेल. अक्कानं त्याच्या हातात गिटार दिली. "साडी नोको, तर गाणं पण नोको. तुम्हीच वाजवा." तो गिटार धरून उभा, आणि ही खुर्चीवर बसून वारा घेतेय. शेवटी साडीतच गायली. तिची सगळी भांडणं अशीच व्हायची. आवाज चढायचा नाही, फक्त समोरच्याला काही बोलायला जागा उरायची नाही.

मग गावाकडून बोलावणं आलं. तंजावूरच्या स्टेडियमवर, घरच्या माणसांपुढे कार्यक्रम. एका नव्या शीतपेयाची कंपनी खर्च उचलणार होती, गावभर तिचे फलक लागले. त्याच सुमारास मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचे कुलकर्णी साहेब कार्यक्रमाला येणार असं कळलं. मूळचे पुण्याचेच. त्यांना मराठी रॉकची कॅसेट काढायची होती आणि त्यांनी अक्काचं एक गाणं ऐकलं होतं. तिचं एकुलतं एक मराठी गाणं. 'वाट होणा, वारा होणा, माझा मला आवाज होणा.' पत्रात त्यांनी लिहिलं होतं की चाल उत्तम आहे, पण भाषा शुद्ध करून घ्या, महाराष्ट्रात हे कुणाला कळणार नाही. तंजावूरला शुद्ध रूपात गा, तिथेच करार करू. अक्काला ती कॅसेट मनापासून हवी होती. कचेरीतून सुटण्याची तीच एक वाट होती, आणि तिशी ओलांडल्यावर अशा वाटा फार येत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

शुद्धीकरणाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मोठ्या ऐटीत बसलो. 'वाट हवी, वारा हवा, माझा मला आवाज हवा.' अक्कानं दोनदा म्हणून बघितलं. "हें काय, दर वेळीं बदलतं? एकदां हवी, एकदां हवा?"

मी लिंगविचार समजावला. वाट स्त्रीलिंगी, वारा पुल्लिंगी.

"आमच्यांत अस्क्यांला एकच होणा," ती म्हणाली. अस्के म्हणजे सगळे. "बाई असो, बाप्या असो, भात असो. मागणाऱ्यानं कसाला बघायचं, वस्तु बाई की बाप्या?" पुन्हा गाऊन बघितलं. "आणि हवा म्हटलं कीं वारा बाहेर येतो, आवाज नाहीं. होणा बघ. 'णा'वर कितीही वेळ उभं राहतां येतं." हे अगदी खरं होतं, मला वाजवतानाच कळत होतं. तरी मी म्हटलं, "अक्का, कॅसेट." तिनं 'हवी-हवा' पाठ केलं. मी आणि जोसेफ मागे सूर धरून 'हवी, हवा' म्हणणार, अशी तालीम ठरली.

आता अप्पांविषयी सांगायला हवं. अप्पा म्हणजे तिचे वडील, गणिताचे निवृत्त हेडमास्तर. तमिळ आणि इंग्रजी उत्तम, देवनागरी मात्र अक्षर अक्षर लावून. घरची भाषा त्यांच्या लेखी स्वयंपाकघरापुरती होती, बाहेरच्यापुढे तिची लाज वाटायची. मुलीनं ती स्टेजवर न्यावी हेच त्यांना पटत नव्हतं. साहेब जेवायला येणार ठरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही पुण्याचे. साहेबापुढें काय कसं बोलायचं, तेवढं लिहून द्या." मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: भात हवा, भाजी हवी, ताक हवं. सेल्वमनं ते माझ्याकडून ऐकून त्यांच्यासाठी तमिळ अक्षरांत उतरवलं. सत्तरीचा तो माणूस, ज्यानं हजार पोरांना बीजगणित शिकवलं असेल, ओसरीवर येरझारा घालत चिठ्ठी घोकत होता. मी ते बघितलं आणि मला गंमत वाटली. तेव्हा मला गंमत वाटली, हे मी आजही विसरू शकत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी केळीची पानं मांडली. साहेब बसले, अप्पा समोर. अक्का डांगर पचडी वाढत होती. अप्पांनी खिशावर एकदा हात ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, आपल्याला आणखी भात हवी?"

साहेब हसले. वाईट मनानं नाही, आपण लहान मुलाला हसतो तसं. "हवा, हवा. भात हवा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोड आहे हो यांची भाषा."

"चुकलं," अप्पा म्हणाले. "माफ करा." आणि पानाकडे बघत राहिले. त्यानंतर जेवण होईपर्यंत ते साहेबांशी इंग्रजीतच बोलले. अक्काच्या हातातला डाव तसाच वर राहिला होता. सगळ्यांना ताक वाढून ती आत गेली.

स्टेडियमवर संध्याकाळी माणूस मावेना. पुढच्या खुर्च्यांवर आमची मराठी घरं, नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्यासुद्धा. मध्ये अप्पा आणि शेजारी साहेब. मागे कॉलेजची पोरं, कचेरीतली माणसं, खेड्यांतून मोपेडवर ट्रिपल सीट आलेले शेतकरी. इंग्रजी गाण्यांवर पोरांनी धूळ उडवली. मग अक्का माइकजवळ आली आणि मराठी गाणं सुरू झालं. पहिली ओळ आली. अक्का गायली, "वाट होणा." आणि ठरल्याप्रमाणे, पूर्ण आत्मविश्वासानं, स्टेडियमच्या आठही भोंग्यांतून मी ओरडलो, "हवी!"

जोसेफ शहाणा, तो गप्प राहिला होता. एकटा माझाच आवाज. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्का वळली, माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग वाद्यं चालू असतानाच माइकवर तमिळमध्ये म्हणाली, "हा आमचा पुणे. सात समुद्रांपलीकडून मराठी शिकायला आलाय. अजून कच्चा आहे." सगळं स्टेडियम हसलं. मागून कुणी तरी ओरडलं, तमिळ गाणं म्हणा. "म्हणते," ती म्हणाली. "पण आधी हे ऐका. तुमचं वेणुम, तेच आमचं होणा. आमच्या घरात इतकी वर्षं हळू आवाजात बोलतात. आज मोठ्यानं बोलायचंय. शब्द आमचा घ्या, काय मागायचं ते तुम्ही मागा."

मग मागच्या शेतकऱ्यांतून एक आवाज आला, "तण्णी होणा!" तण्णी म्हणजे पाणी. त्या वर्षी कालवे कोरडे होते. सेल्वमनं ड्रमच्या काठ्या टाकल्या आणि तविलावर थाप दिली. मग थांबेचना. पोरं नोकरी मागत होती, पंखा मागत होती, एक जण बायको मागत होता. सगळ्यांना एकच होणा, कुणालाही लिंग बघावं लागत नव्हतं. अक्का शेवटच्या 'णा'वर उभी राहिली ती राहिलीच. मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले, कारण तिथं माझी काही गरज नव्हती. माझे डोळे भरले होते. त्या सुधारलेल्या ओळी मी लिहिल्या होत्या याची मला तेव्हा खरी शरम वाटली.

पहिल्या रांगेत अप्पा मान खाली घालून बसले होते. त्या दोन म्हाताऱ्या ओरडायला लागल्या तेव्हा त्यांनी मान वर केली. ते ओरडले नाहीत. खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावून एकदा वाचली आणि घडी घालून खुर्चीखाली टाकली.

कार्यक्रम संपल्यावर साहेब स्टेजमागे आले. माणूस सभ्य होता. म्हणाले, "बाई, गळा दैवी आहे. पण असं चालणार नाही. कॅसेट निघायची तर शब्द बदलावे लागतील. विचार करा."

"केला," अक्का म्हणाली. "कॅसेट होणा. अशी नोको."

तेवढ्यात अप्पा पुढे आले. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल अशा हेडमास्तरी आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, आतां जेवण होणा?"

साहेब पुण्याचे. सवयीनं म्हणाले, "हो ना."

अप्पा मुलीकडे वळले. "बघ," ते म्हणाले. "साहेबालासुद्धां होणा."

कॅसेट निघाली नाही. कुठलीच नाही. बँड आणखी काही वर्षं रखडला, मग मी पुण्याला परतलो, सेल्वम देवळात गेला. अक्का विमा कचेरीतूनच निवृत्त झाली. मला याचं अजूनही वाईट वाटतं आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. तिला मात्र कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मी मागितलं तें माझ्या तोंडानं मागितलं. मिळालं नाहीं, तें त्यांचं."

गेल्या वर्षी ती वारली. त्याच्या तीन महिने आधी मी भेटून आलो. खूप वाळली होती, आवाज फक्त कुजबुजीपुरता उरला होता. त्या संध्याकाळची एक टेप तिच्याकडे होती, साउंडवाल्यानं भरून दिलेली. मी म्हटलं, "अक्का, आता कॉम्प्युटरवर घेऊन ती माझी 'हवी' पुसून टाकता येते. गाणं स्वच्छ होईल."

"नोको," ती म्हणाली. "ती 'हवी' आहे म्हणून कळतं, मला कोणीतरी अडवत होतं. ती काढलीस तर नुसतं गाणं राहील."

तिनं टेप लावली. 'वाट होणा', माझी 'हवी', मग हसू, मग तविल. माझी चूक आली तेव्हा तिनं हात लांब करून आवाज वाढवला. टेप संपली. खिडकीखालून टाउन बस गेली. तिनं डोळे न उघडता विचारलं, "पुणे, आणखी एकदां होणा?"

"होणा," मी म्हटलं. 'णा'वर जमेल तितका वेळ उभा राहिलो.